तळटीप १४ : महाडची अफवा आणि संज्ञापनाची प्रारूपे

१४. लेखकाने महाडची अफवा ही क्लॉड शॅनन यांच्या १९४८च्या प्रारूपातील ‘गोंगाट’ मानली आहे. ते तितकेसे पटत नाही. २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे प्रतिनिधी डॉ. आंबेडकरांसह चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर, ‘आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी आवई गावात उठली आणि मंडपाकडे परतलेल्या प्रतिनिधींवर जमावाने हल्ला केला. शॅनन यांचा गोंगाट म्हणजे वाहिनीत संकेताची होणारी मोडतोड. येथे संदेश सर्वांना स्वच्छ ऐकू गेला. खोटा होता तो आशय, आणि आशयाच्या खरेखोटेपणाचा विचार शॅनन यांनी मुद्दामच बाजूला ठेवला होता. ऑलपोर्ट व पोस्टमन यांचे १९४७चे सूत्र येथे अधिक लागू पडते : विषय जितका महत्त्वाचा आणि माहिती जितकी संदिग्ध, तितका अफवेला जोर. मात्र जातीच्या वर्चस्वाला त्यातही जागा नाही. म्हणून लासवेल यांच्या संज्ञापन-प्रारूपातील ‘कोण बोलतो?’ हा प्रश्न (१९४८) सोबत घ्यावा. आंबेडकरांनी ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले, ते या प्रश्नाचे कृतीतून दिलेले उत्तर होते. — संपा.