सोन्याच्या झाकणाखालचं औषध

सोनं गंजत नाही, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. पण मिठाच्या पाण्यात त्याला साधारण एक व्होल्ट दिला, की तेच सोनं क्लोराइडशी संयोग पावून विरघळतं. आजच्या चिपचा सगळा खेळ याच गोष्टीवर उभा होता.

१९९३ मध्ये एमआयटीतले रॉबर्ट लँगर टीव्हीवर कॉम्प्युटर चिप कशा बनतात हे बघत होते. अशा चिपमध्ये औषध भरलं तर? मायकेल सिमा आणि विद्यार्थी जॉन सँटिनी यांच्यासोबत त्यांनी ते केलंही. १९९९ साली 'नेचर'मध्ये पेपर आला: १७ मिलिमीटरचा सिलिकॉनचा चौकोन, त्यात ३४ खळगे, प्रत्येकात जेमतेम २५ नॅनोलिटर, वर सोन्याचा पापुद्रा. वीज द्याल तेवढंच झाकण विरघळणार. (सँटिनीची ही पीएचडी. आपण आपल्या प्रबंधाबद्दल गप्प बसावं हे बरं.)

तुम्ही म्हणाल, त्वचेखाली ठेवायची औषधं तर आधीपासून होती. होती. नॉरप्लांटच्या सिलिकॉन नळ्यांमधून हॉर्मोन वर्षानुवर्षं झिरपायचं. पण झिरपणं प्रत्येक औषधाला मानवत नाही. पॅराथायरॉइड हॉर्मोनच घ्या. ते रक्तात सतत जास्त राहिलं तर हाडं पोखरतं. दिवसातून एकदा थोडा वेळ चढून उतरलं तर हाड बांधतं. औषध तेच, परिणाम उलटा! म्हणून हाडं ठिसूळ झालेल्यांना टेरिपॅराटाइडचं इंजेक्शन रोज टोचून घ्यावं लागतं, आणि बरेच जण कंटाळून मधेच सोडतात. इथे नळी निरुपयोगी, चिप मात्र नेमकी हवी तशी.

डेन्मार्कमधल्या ८ स्त्रियांच्या कमरेजवळ ती बसवली गेली. निकाल २०१२ मध्ये छापून आले. आता झाकण प्लॅटिनम-टायटॅनियमचं होतं, विजेच्या उष्णतेने फुटणारं, आणि हुकूम बाहेरून बिनतारी. खरी धास्ती शरीराचीच होती: परक्या वस्तूभोवती ते तंतूंचं आवरण विणतं, औषध त्यातच अडकलं तर? नाही अडकलं. रक्तातली पातळी इंजेक्शनसारखीच चढली-उतरली. एक यंत्र मात्र चाललंच नाही.

मला अडकवतो तो हिशोब. त्या यंत्रात २० डोस होते. उपचार दोन वर्षांपर्यंत चालतो, म्हणजे सातशेहून जास्त डोस, आणि प्रत्येकाला स्वतंत्र, घट्ट बंद खळगा. अशी चिप अजून औषधाच्या दुकानात आलेली नाही. त्या स्त्रियांच्या कमरेतली यंत्रं चार महिन्यांनी काढून घेतली गेली.