फुरशाचे विष आणि हृदयाचे रक्त

गणपतीपुळ्याला येणारा पाहुणा समुद्र पाहतो, स्वयंभू गणपतीचे दर्शन घेतो, देवळामागच्या डोंगराला प्रदक्षिणा घालतो आणि मालगुंडला केशवसुतांचे घर पाहून परत फिरतो. वरच्या सड्यावर सहसा कोणी जात नाही. जांभ्या दगडाचे हे उघडेबोडके पठार पावसाळ्यात गवताने आणि रानफुलांनी भरते आणि दिवाळीच्या सुमारास पिवळे पडते. तिथला खरा रहिवासी म्हणजे फुरसे. हातभर लांबीचे, मातकट रंगाचे, दगडाच्या रंगात मिसळून जाणारे. डिवचले की वेटोळ्यांवर वेटोळी घासून करवतीसारखा आवाज काढते. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे, आणि १८८० साली निघालेल्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या गॅझेटियरमध्येही या सापाची दखल आहे. एवढ्याशा जिवाची सरकारदरबारी इतकी नोंद व्हावी, याचे कारण त्याच्या विषात आहे.

नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर चालते. डोळ्यांच्या पापण्या मिटू लागतात, श्वास थांबतो. फुरशाचे तसे नाही. ते रक्ताकडे जाते. आपल्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन नावाचे एक प्रथिन निद्रिस्त अवस्थेत फिरत असते. जखम झाली की ते जागे होते, त्याचे थ्रॉम्बिन बनते, आणि थ्रॉम्बिन फायब्रिनोजेन या दुसऱ्या प्रथिनाचे धागे विणते. या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकल्या की गुठळी तयार होते. फुरशाच्या विषात इकॅरिन नावाचा एक घटक असतो. तो जखमेची वाट न पाहता प्रोथ्रॉम्बिनला थेट जागे करतो. सगळ्या शरीरभर बारीक बारीक विणकाम सुरू होते, आणि काही तासांत सूतच संपते. मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमांतून रक्त वाहू लागते. गोठवणाऱ्या विषाचा परिणाम म्हणून रक्त गोठेनासे होते. मला हा उलटा न्याय पहिल्यांदा कळला तेव्हा दोन दिवस दुसरे काही सुचले नव्हते.

कळले ते असे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी गवतकापणीच्या दिवसांत माझ्या चुलतभावाला सड्यावर फुरसे चावले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढले, काचेच्या कोरड्या बाटलीत घातले, बाटली टेबलावर ठेवली आणि घड्याळाकडे पाहिले. ''वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही,'' एवढेच बोलल्या. वीस मिनिटांनी बाटली तिरकी केली. रक्त पाण्यासारखे वाहिले. लगेच प्रतिविष सुरू झाले. सहा तासांनी पुन्हा बाटली, पुन्हा वीस मिनिटे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बाटलीत रक्त घट्ट बसले होते आणि काकू पहिल्यांदा रडली. ती बाटली साध्या काचेची लागते आणि साबणाने धुतलेली चालत नाही, कारण काचेच्या पृष्ठभागाने गोठण्याला मिळणारी चालना साबणाच्या अंशाने बिघडते, हेही मला तिथेच समजले. नायजेरियात फुरशाच्या भाईबंदांवर काम करताना १९७०च्या दशकात रूढ झालेली ही तपासणी भारताच्या २००७च्या सर्पदंश उपचारपद्धतीतही आली. तिला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. आणि ती जे मोजते ते मुख्यतः एकच: फायब्रिनोजेन शिल्लक आहे की नाही.

आता हेच फायब्रिनोजेन जास्त असले तर? हृदयरोगाच्या इतिहासातले एक आडबाजूचे पण मोठे प्रकरण या प्रश्नापासून सुरू होते.

त्याचे मूळ फार जुने आहे. युरोपात शिरा कापून रक्त काढण्याची रीत होती त्या काळात वैद्यांनी पाहिले होते की तापाने किंवा सुजेने आजारी असलेल्या माणसाचे रक्त भांड्यात ठेवले की तांबड्या पेशी लवकर तळाशी जातात आणि वर पिवळसर साय धरते. १८९७ साली पोलंडच्या एडमुंड बिएरनात्स्की यांनी या बसण्याचा वेग मोजला आणि तो फायब्रिनोजेनशी निगडित आहे असे मांडले. १९१८ साली स्वीडनच्या रॉबिन फोरेउस यांना गर्भवती स्त्रियांच्या रक्तात तेच दिसले, आणि १९२१मध्ये आल्फ वेस्टरग्रेन यांनी क्षयरोग्यांसाठी मोजण्याची पद्धत ठरवून दिली. आपल्या घराघरांत माहीत असलेली 'ईएसआर' ती हीच. फायब्रिनोजेन वाढले की तांबड्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींवर बसतात, जड होतात आणि झपाट्याने खाली जातात. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीने क्षयाच्या भीतीने जो आकडा वाचला, त्यात सूज आणि गोठण या दोन्ही गोष्टी एकत्रच लिहिलेल्या होत्या. त्या वेगळ्या काढून हृदयाशी जोडायला आणखी साठ वर्षे लागली.

ते काम तिघांनी जवळजवळ एकाच वेळी केले. १९८४ साली स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या संशोधकांनी, १९८६ साली लंडनच्या नॉर्थविक पार्क अभ्यासातून टॉम मीड यांनी आणि १९८७ साली अमेरिकेतल्या प्रसिद्ध फ्रेमिंगहॅम अभ्यासाने. मीड यांचा अभ्यास मला अधिक आवडतो. त्यांनी कामगार आणि कारकून अशी धडधाकट माणसे घेतली, त्यांच्या रक्तातले गोठण्याचे घटक मोजले आणि वर्षानुवर्षे वाट पाहिली. ज्यांचे फायब्रिनोजेन चढे होते त्यांच्यातच हृदयविकाराने मृत्यू जास्त झाले. आणि हा संबंध कोलेस्टेरॉलच्या संबंधापेक्षा कमी बळकट नव्हता. सगळे जग तेव्हा लोणी आणि अंडी यांच्यामागे लागले होते. धमनीत चरबीचा थर साचतो हे खरे, पण झटका येतो तो त्या थराला चीर पडून वर गुठळी बसते तेव्हा, ही गोष्ट लोकांच्या बोलण्यात कुठेच नव्हती. आजही फारशी नाही. 'ब्लॉकेज किती टक्के?' एवढेच आपण विचारतो.

सुजेची बाजू दुसऱ्या वाटेने आली. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस न्यूमोनियाच्या जंतूंवर काम करत होते. रोग्याच्या रक्तात त्यांना एक पदार्थ सापडला, जो जंतूच्या 'सी' नावाच्या शर्करेला चिकटत होता. तेच सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, आपले सीआरपी. करोनाच्या काळात हे नाव ज्येष्ठांपासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांच्या तोंडी झाले. १९९७ साली पॉल रिडकर यांनी अमेरिकन डॉक्टरांच्या साठवून ठेवलेल्या रक्ताचे नमुने तपासले. वरवर निरोगी असताना ज्यांचे सीआरपी थोडेसे चढे होते, त्यांना पुढे झटके जास्त आले होते, आणि ॲस्पिरिनचा फायदाही त्यांनाच सर्वांत जास्त झाला होता. धमनीचा रोग हा सुजेचा रोग आहे असे एकोणिसाव्या शतकात बर्लिनचे रुडॉल्फ फिर्खो म्हणत होते; त्याला शंभर वर्षांनी आकडा मिळाला.

आपल्याकडचा अध्याय पुण्यात घडला. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन मित्रांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. सडसडीत दिसणारा मराठी माणूस आतून तसा नसतो, हे दोन सदरे घातलेल्या माणसांच्या एका फोटोने जगाला सांगितले. याच युडकिन यांनी १९९९ साली दाखवले होते की निरोगी माणसाचे सीआरपी त्याच्या चरबीशी बांधलेले असते. चरबीच्या पेशी स्वतःच सुजेचे निरोप रक्तात सोडतात. पोटावरची चरबी ही निव्वळ साठवण नाही, ती सतत बोलत असते.

पुढे याज्ञिकांच्या गटाने पुण्याच्या परिसरातले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. काही खेड्यातले, काही झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गातले. गावाकडून शहराकडे जावे तशी चरबी वाढत होती आणि तिच्याबरोबर सुजेच्या खुणाही. याच पुरुषांवरचा २००६चा निष्कर्ष मात्र अनपेक्षित होता. ६७ टक्के पुरुषांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त. शहरी मध्यमवर्गात तर हे आकडे ८१ आणि ७९. होमोसिस्टीन धमन्यांना इजा करते आणि गुठळीला मदत करते, हा विचार १९६९ साली किल्मर मॅक्कली यांनी मांडला होता. पुणेरी वरणभातात दोष निघाला म्हणून तेव्हा बरेच लोक रागावले. आमच्या पुळ्यात बांगडा खाणारे आणि न खाणारे अगदी शेजारी राहतात. असा अभ्यास इथे कोणी केला असता तर मला वाचायला आवडला असता.

इथवर गोष्ट सरळ आहे. पुढे ती वाकडी होते आणि मला तोच भाग महत्त्वाचा वाटतो. न्यायशास्त्र शिकवताना पंडित पहिले उदाहरण देतात ते धुराचे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. पण धूर घालवला म्हणून अग्नी विझत नाही. रक्तातली ही चिन्हे धूर आहेत की अग्नी?

होमोसिस्टीनचा निकाल लवकर लागला. २००६ साली मोठ्या चाचण्यांत ब-जीवनसत्त्वे देऊन ते खाली आणले गेले, पण हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत. ब-१२ची कमतरता नसांसाठी, रक्तासाठी, गर्भातल्या बाळासाठी वाईट आहेच, तिच्यावर उपचार करायलाच हवेत. पण हृदयाचे रक्षण म्हणून विकलेल्या गोळीमागे तेवढा पुरावा उरला नाही. सीआरपीचेही तसेच. २००८ साली कोपनहेगनच्या संशोधकांनी जन्मतःच जनुकांमुळे सीआरपी जास्त असलेली माणसे पाहिली. त्यांना हृदयरोग जास्त होत नव्हता. म्हणजे सीआरपी हा धूर. मग आग कुठे? २०१७ साली कॅन्टॉस चाचणीत पूर्वी झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांमध्ये कॅनाकिनुमॅब हे औषध पारखले गेले. ते कोलेस्टेरॉलला हात लावत नाही, फक्त सुजेची एक वरची कडी तोडते. मधल्या मात्रेने झटके, पक्षाघात आणि हृदयमृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. फिर्खो बरोबर होते. पण प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले आणि औषधाची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. पुढे संधिवाताचे जुने, स्वस्त कोल्चिसिन २०१९ आणि २०२०च्या चाचण्यांत उपयोगी ठरले. सूज शमवणारे प्रत्येक औषध चालते असेही नाही. मेथोट्रेक्सेटने काहीच साधले नाही.

हे सगळे आठवते ते तपासण्यांच्या जाहिराती पाहून. आता तालुक्याच्या गावातही रक्त घ्यायला माणूस घरी येतो आणि एका रकमेत सत्तर-ऐंशी आकडे मिळतात. त्यांत सीआरपी आणि होमोसिस्टीन ठळक अक्षरांत. हृदयासाठीचे अतिसंवेदी सीआरपी लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली बरे, ३च्या वर जोखमीचे मानतात. पण १०च्या वर गेले तर आधी संसर्ग शोधायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजायचे असा संकेत आहे. कोकणातल्या श्रावणात कुणाला ताप, कुणाचे दात किडलेले, कुणाच्या पायाला चिखल्या. त्या दिवसांतला आकडा हृदयाबद्दल काय सांगणार? माझे थोरले काका बावन्नाव्या वर्षी गेले. बारीक अंगाचे, बिडी ओढणारे, रक्तदाब कधी न मोजलेले. त्यांना सीआरपीची गरज नव्हती. बिडी सुटली असती तर त्यांचे फायब्रिनोजेनही उतरले असते, कारण धूम्रपानाने ते चढते आणि सोडल्यावर खाली येते. रक्तदाबाचा पट्टा तेव्हाही गावात होता.

फुरशाची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. त्याच्या विषात इकॅरिनखेरीज आणखी एक लहानसे प्रथिन असते, अवघ्या ४९ अमिनो आम्लांचे. त्याचे नाव इकिस्टॅटिन. फुरशाच्या इकिस या शास्त्रीय नावावरूनच ते पडले. रक्तातल्या बिंबिका एकमेकींचा हात धरून गुठळी करतात. इकिस्टॅटिन नेमका तो हात अडवते. १९८८ साली ते वेगळे काढल्याचे प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या आकाराची नक्कल करून मर्क कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी टिरोफिबॅन हे औषध घडवले. १९९८ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाची धमनी मोकळी करताना गुठळी पुन्हा बसू नये म्हणून ते शिरेतून देतात, आणि रत्नागिरी-कोल्हापूरकडच्या हृदयरोगतज्ज्ञांनाही त्याचे नाव परके नाही. सड्यावरची माणसे अजून फुरसे दिसले की काठी शोधतात.