चित्र जुने, हक्क कुणाचा?

आमच्या बदलापूरच्या दिंडीला आषाढीसाठी हरिपाठाची पुस्तिका छापायची होती. मुखपृष्ठासाठी एका माळकऱ्याने घरचे जुने कॅलेंडर आणले. विटेवरचे सावळे रूप आणि कोपऱ्यात रघुवीर मुळगावकरांची सही. मंडळी म्हणाली, "चित्र जुने, देव सर्वांचा, विचारायचे कुणाला?" मीही मान डोलावली. पण उल्हासनगरच्या छापखान्यातले सिंधी गृहस्थ सही पाहून थबकले. "महाराज, परवानगीचे पत्र आहे का?"

मग मी जाणत्यांना विचारले. आमच्या शेजारचे अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे. त्या शिल्पांवर आज कुणाचा छापण्याचा हक्क नाही. पण चित्राचे नुसते वय पाहून भागत नाही. कायदा चित्रकाराच्या निधनापासून मोजतो. १९५७ च्या कायद्यात निधनानंतर ५० वर्षांची मुदत होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले. त्यांच्या साहित्यावरील हक्क संपत आला, तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० वर्षे झाली. मोजणी निधनानंतरच्या १ जानेवारीपासून होते.

राजा रविवर्मा १९०६ साली गेले. त्यांची चित्रे केव्हाच मोकळी झाली. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले. त्यांच्या चित्रांवरील हक्क २०३१ अखेरपर्यंत. मुळगावकर १९७६ साली गेले, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत. चित्रकाराचे नाव कुठेच कळत नसेल, तर प्रथम प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे. म्हणून आधी सही पाहावी, मग निधनाचे साल शोधावे. मुदत उरली असेल तर मालक शोधावा. तो कधी वारस असतो, कधी चित्र काढवून घेणारी कंपनी.

घरी येताना मनात आले, जनाबाईंच्या, चोखोबांच्या अभंगांवर आज कुणाचाही कायदेशीर हक्क नाही. तरी शेवटच्या चरणातले त्यांचे नाव गाळून कोणी कीर्तनकार अभंग म्हणत नाही. ती नाममुद्रा आपण शेकडो वर्षे जपली. मग चित्रकाराच्या कोपऱ्यातल्या सहीकडे आपण डोळेझाक का करावी? तिच्यामागेही कुणाचे तरी कष्ट आहेत, कुणाचा तरी संसार आहे.

यंदा मुखपृष्ठावर आमच्याच विणेकऱ्यांचे छायाचित्र छापले. ते दिंडीतल्या एका मुलाने काढले. त्याला विचारून, खाली त्याचे नाव घालून.