बापाकडून आलेली पाच गुणसूत्रे

1921 साली फ्रान्झ श्राडर यांनी पिठ्या ढेकणाच्या एका जातीच्या गुणसूत्रांवरचा निबंध ‘बायॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये छापला. मादीच्या पेशीत दहा गुणसूत्रे सारखीच दिसत होती. नराच्या पेशीत मात्र त्यांपैकी पाच घट्ट आवळलेली होती, रंग गडद घेत होती आणि एका बाजूला गोळा होऊन बसली होती. ही पाच कुणाची? श्राडर आणि त्यांच्या पत्नी सॅली ह्यूज-श्राडर यांनी पुढे तर्क मांडला, की ती बापाची असावीत आणि नराच्या शरीरात निष्क्रिय असावीत. पण पाचही जोड्यांतली गुणसूत्रे दिसायला इतकी सारखी, की आईचे कोणते आणि बापाचे कोणते हे नुसते पाहून ठरवणे शक्यच नव्हते. हा तर्क बराच काळ तर्कच राहिला.

पुरावा सापडतो तो 1961च्या ‘जेनेटिक्स’मध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर ब्राउन आणि वॉल्टर नेल्सन-रीस यांनी लिंबूवर्गीय झाडांवर पडणाऱ्या प्लॅनोकोकस सिट्री या पिठ्या ढेकणाच्या जातीच्या नरांना क्ष-किरण दिले आणि मग किरण न दिलेल्या माद्यांशी त्यांचा संकर केला. मात्रा वाढत गेली तशा लेकी मरत गेल्या. एकही मुलगी वाचत नव्हती इतक्या मात्रेलाही मुलगे मात्र जगले. ज्या गुणसूत्रांचे तुकडे झाले होते, त्यांच्याशिवाय लेकांचे भागत होते.

एवढ्यावर कुणी म्हणेल, नर मुळातच चिवट असतील. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालचा भाग मला या निबंधाचा कणा वाटतो. बापाला किरण दिले होते, त्या लेकांच्या पेशींत मोडतोड दिसली ती गडद संचात. आईला किरण दिले, तेव्हा ती दिसली न आवळलेल्या, उघड्या संचात. म्हणजे गडद पाच बापाचीच. या कीटकांच्या गुणसूत्रांना एकच एक मध्यबिंदू नसतो. विभाजनाच्या वेळी ओढणारे धागे त्यांच्या जवळजवळ सगळ्या लांबीवर चिकटतात. त्यामुळे तुटलेला तुकडाही पेशीविभाजनात हरवत नाही, पुढच्या पिढीच्या तपासणीला हजर राहतो. एकच मध्यबिंदू असलेल्या कीटकात हाच प्रयोग इतका स्वच्छ वाचता आला नसता.

आता एका गुणसूत्राचा माग काढू. ते आईकडून लेकाकडे आले. लेकात ते उघडे आणि कामाचे. शुक्राणू तयार होताना या लेकाचा गडद, बापाकडचा संच नष्ट होतो, त्यामुळे पुढे जाते ते आईकडचेच. तेच गुणसूत्र त्याच्या लेकात पोचले, की आवळले जाते आणि तिथेच त्याचा वंश संपतो. त्याच्या लेकीत पोचले, तर उघडे राहते आणि पुढच्या पिढ्यांना मिळते. जनुकांत एका अक्षराचा बदल नाही, तरी एका पिढीत ते बोलते आणि दुसऱ्या पिढीत गप्प. कोणाच्या शरीरातून आले याचा काहीतरी ठसा गुणसूत्रावर उमटतो, असे म्हणावेच लागते. पण लेकीतही बापाचा संच असतो आणि तो आवळून मिटत नाही. म्हणून केवळ ठसा पुरत नाही: कोणता संच मिटायचा हे ठसा सांगतो, मिटायचा की नाही हे दुसरीकडे ठरते.

ही हकीकत सांगताना पुढचे दोन निबंध गाळले जातात, ते गाळू नयेत. 1962मध्ये नेल्सन-रीस यांनी दाखवले, की बापाला मोठी मात्रा दिली तर वाचलेल्या लेकांची जननक्षमता बिघडते. 1967मध्ये उझी नूर यांनी नोंदवले, की नराच्या काही ऊतींमध्ये बापाचा संच पुन्हा उलगडतो. म्हणजे निष्क्रियता संपूर्ण नव्हती. श्राडर दांपत्याचा तर्क मोठ्या अंशी खरा ठरला, अक्षरशः नव्हे.

या सगळ्याच्या आधीच, 1960मध्ये हेलन क्राउझ यांनी बुरशीवर वाढणाऱ्या सायारा या छोट्या माशीत असाच ठसा दाखवला होता. तिथे बापाकडून आलेले एक्स गुणसूत्र गर्भाच्या पेशींतून टाकून दिले जाते.

कीटकांतला हा धागा सस्तन प्राण्यांपर्यंत नेण्यात एका भारतीयाचा हात आहे. ब्राउन यांच्याबरोबर काम केलेले आणि नंतर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रमलेले एच. शरच्चंद्र यांनी ब्राउन यांच्यासोबत 1975मध्ये ‘नेचर’मध्ये लेख लिहिला: सस्तन प्राण्यांतले एक्स गुणसूत्र मिटण्यामागेही असा ठसा असू शकतो. कांगारूंच्या माद्यांत बापाचेच एक्स मिटते, हे 1971मध्ये प्रसिद्ध झाले होतेच. आणि 1975मध्येच ताकागी आणि सासाकी यांनी उंदराच्या गर्भाभोवतीच्या ऊतींची तपासणी छापली. तिथेही बहुतेक पेशींत मिटलेले एक्स बापाकडचे होते.