कार्डावरचा जांभळा ठिपका

मालिकांमध्ये तुम्ही हे पाहिलंच असेल: मॉनिटरवरची रेघ सपाट होते, डॉक्टर धावत येऊन छाती दाबतात आणि पेशंट डोळे उघडतो. सीपीआर आपण इतकं गृहीत धरतो, की ‘ते करू नका’ असं सांगायलाच वेगळी नोंद लागते. ही नोंद आली कुठून?

गोष्ट अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधली. १९५८च्या सुमारास तिथे कुत्र्यांवर विजेच्या झटक्याचे प्रयोग चालू होते. गाय निकरबॉकर या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की झटका द्यायच्या आधी जड इलेक्ट्रोड छातीवर नुसते दाबले तरी रक्तदाब वर जातो. (गाईड नव्हे, विद्यार्थी! आम्हा पीएचडीवाल्यांना तेवढंच समाधान.) १९६०च्या शोधनिबंधात २० पैकी १४ पेशंट वाचल्याची नोंद आहे. पण त्यातल्या अनेकांचं हृदय भूल किंवा ऑपरेशनच्या वेळी अचानक थांबलं होतं. म्हणजे मुळात जगू शकणारी माणसं.

पुढे हेच तंत्र सरसकट सगळ्यांवर वापरलं जाऊ लागलं, कॅन्सरच्या अगदी शेवटच्या टप्प्यातल्या माणसांवरही. बरगड्या मोडायच्या आणि मरण काही तासच लांबायचं. डॉक्टर-नर्सना ते बघवेना, पण उघड नकार द्यायची सोय नव्हती. मग ‘स्लो कोड’ सुरू झाला: धावायचं, पण सावकाश.

१९७४मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने असा निर्णय केसपेपरवर लिहावा असं सुचवलं. १९७६मध्ये बॉस्टनमधल्या दोन रुग्णालयांनी आपले नियम छापून जाहीर केले. तरी चोरटेपणा संपला नाही.

१९८४ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका रुग्णालयाबद्दल ग्रँड ज्युरीचा अहवाल आला. तिथे ज्यांना वाचवायचं नाही, त्यांच्या नर्सिंग कार्डावर जांभळा ठिपका चिकटवत. केसपेपरवर एक अक्षर नाही. पेशंट गेला की कार्ड फेकून द्यायचं. निर्णय कुणी घेतला, कुणाला विचारलं, ठिपका चुकून भलत्याच कार्डावर तर लागला नाही ना, काहीच शोधता येणार नाही. मला यात क्रूरपणापेक्षा भीती जास्त दिसते. डॉक्टर कोर्टाला घाबरत होते, आणि त्याहून जास्त त्या बोलण्याला. १९८७मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदाच केला: सीपीआरला संमती आहे असं धरायचं, आणि नको असेल तर रीतसर विचारून, लिहून ठेवायचं.

आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २०१८मध्ये आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली, २०२३मध्ये त्याची किचकट प्रक्रिया सोपी केली. सीपीआर न करण्याबद्दल आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं २०२०मध्ये आली. पेशंटशी किंवा त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्याशी बोला, नोंद करा, आणि सीपीआर नको याचा अर्थ बाकीचे उपचार बंद असा घेऊ नका, असं त्यात आहे.

पण ‘बाबांना यातलं काही सांगू नका हं डॉक्टर’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित बोललाही असाल. मग मुलाला व्हरांड्यात बोलावून विचारलं जातं. आत बाबा पूर्ण शुद्धीत असतात.