रोलर हॉकी : बचावपटूसाठी स्टिक निवडताना

गेल्या काही वर्षांत आपल्या मुलांच्या पायांत स्केट्स आले. कुणी रोलबॉलमुळे वळले (२०२३ साली गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तो खेळ होता), कुणी शाळेतल्या सिमेंटच्या कोर्टावर शिकले. त्यांतली थोडी मुले आता स्केट्सवरच्या हॉकीकडे वळली आहेत. पेडणे आणि डिचोलीतल्या पालकांकडून स्टिकविषयी विचारणा होते, म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत. मुलगा किंवा मुलगी बचावात खेळते असे धरून लिहिले आहे, कारण चुकीच्या स्टिकचा त्रास सर्वांत आधी बचावपटूला होतो.

आधी खेळ कोणता ते प्रशिक्षकांना विचारा. रोलर हॉकी या नावाखाली दोन खेळ येतात. पुढे दोन व मागे दोन चाकांच्या स्केट्सवर खेळतात तो रिंक हॉकी. पोर्तुगाल, स्पेन, अर्जेंटिना ही त्यातली बलाढ्य नावे; १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये तो प्रदर्शनीय खेळ होता. दुसरा इनलाइन हॉकी, म्हणजे एका रांगेतल्या चाकांवरचा, बर्फावरच्या हॉकीसारखा. पहिल्यात चेंडू, दुसऱ्यात चपटी चकती. एकाची स्टिक दुसऱ्यात चालत नाही. घरात पडलेली मैदानी हॉकीची स्टिक तर दोन्हीकडे निरुपयोगी. तिची एकच बाजू सपाट असते, रिंक हॉकीत दोन्ही बाजूंनी चेंडू खेळावा लागतो.

रिंक हॉकीच्या नियमानुसार स्टिकची लांबी बाहेरच्या वळणावरून मोजून ९० ते ११५ सेंटिमीटर, वजन ५०० ग्रॅमपर्यंत, आणि ती ५ सेंटिमीटर व्यासाच्या कड्यातून पार झाली पाहिजे. चेंडू १५५ ग्रॅमचा आणि कठीण असतो. तो अडवायचा म्हणजे हलकी, लवचीक स्टिक मनगटात फिरते. बचावपटूने थोडी जड आणि ताठ घ्यावी. चपळाईने फसवणे हे आघाडीवाल्याचे काम.

आता लांबी. इथेच आपल्या लोकांची हमखास चूक होते. शाळेचा गणवेश घेतो तशी स्टिकही आपण वाढत्या अंगाची घेतो. आम्हीही घेतली आहे. लांब स्टिकने पोहोच वाढते हे खरे, आणि बचावाला पोहोच हवीच : एका हाताने स्टिक पुढे सरकवून चेंडू टोकरणे, पासची वाट जमिनीलगत अडवणे. पण मुलाच्या उंचीपेक्षा ती फार लांब असली तर वळताना वरचे टोक छातीत किंवा बगलेत अडकते, मूल दांडा मध्येच धरते आणि मिळवलेली पोहोच तिथेच संपते. शिवाय मोकळे टोक शेजारच्याच्या तोंडाशी येते. तोल सावरताना स्टिक वर गेली तर धोकाही आणि फाऊलही. म्हणून स्केट्स घालून, गुडघे वाकवून, खेळायच्या पवित्र्यातच स्टिक पाहावी. उलट जाता-जाता एका हाताने ती जमिनीवर टेकलेली राहते का, एवढे बघितले तरी पुष्कळ.

इनलाइनमध्ये स्केट्सवर उभे राहून स्टिक हनुवटीपर्यंत यावी. बचावपटूला एक-दोन इंच अधिक चालते. दांड्यावर फ्लेक्सचा आकडा छापलेला असतो, म्हणजे दांडा इंचभर वाकवायला किती पौंड जोर लागतो ते. मुलाच्या पौंडांतल्या वजनाच्या निम्मा हा ढोबळ हिशेब. ४० किलोच्या मुलाला ४५ च्या आसपास. बचावपटूला किंचित ताठ चालते. मोठ्यांची स्टिक कापून देऊ नये. कापल्यावर दांडा आणखी ताठ होतो. पात्याचा बाक कमी असलेला बरा, उलट्या बाजूने पास देता येतो.

आपल्याकडची मुले बहुधा खरबरीत सिमेंटवर खेळतात. तिथे महागडे कार्बनचे पाते लवकर झिजते. सरावाला टणक प्लास्टिकचे पाते घ्यावे, चांगली स्टिक सामन्यासाठी राखावी. लाकडी स्टिक पावसाळ्यात पडवीत टेकवून ठेवू नये. चिरांतून पाणी मुरते आणि थर सुटतात. पुसून, टेप काढून वाळवावी.

आपल्या बाजारात अशी स्टिक सहसा मिळत नाही, बाहेरून मागवावी लागते. लिस्बनला असलेल्या भावाबहिणीला सांगणारेही आहेत. त्यांना नुसती हॉकी स्टिक आण म्हणू नका. खेळ कोणता, मुलाची उंची किती आणि लांबी किती सेंटिमीटर हवी, तिन्ही लिहून पाठवा. हाती आल्यावर दांडा आणि वळण जुळते तिथे बोट फिरवून पाहा. केसाएवढी जरी चीर लागली तरी ती स्टिक मुलाच्या हातात देऊ नका.