पॉकेट स्प्रिंग गादी घेताय? शिफ्टमध्ये काम करणाऱ्या घरांनी आधी काय तपासावं?

चाकणमधल्या कारखान्यांची रात्रपाळी सुटते, तेव्हा बाकीचं शहर कामाला निघालेलं असतं. कंपनीची बस मोशी, चिखली, रावेतला सोडते. घरी पोहोचून पाठ टेकवेपर्यंत खिडकीबाहेर उन्हं आलेली असतात, शाळेच्या व्हॅन हॉर्न देत असतात आणि घरातलं दुसरं माणूस डबा घेऊन बाहेर पडत असतं.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकणच्या पट्ट्यात अशी हजारो घरं आहेत. त्यांच्या मोबाईलवर 'लक्झरी पॉकेट स्प्रिंग'च्या जाहिराती येतात. गादीची किंमत साधारण १५-२० हजारांपासून सुरू होते आणि लाखाच्या पुढेही जाते. अनेकांसाठी हा महिन्याचा पगार असतो, किंवा वर्षभराचा हप्ता.

एवढे पैसे घालून झोप खरंच सुधारते का? आणि सुधारत असेल, तर कोणत्या गादीनं?

पॉकेट स्प्रिंग म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे कापसाची गादी होती. दर काही वर्षांनी पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून ती पुन्हा भरून घेतली जायची. नंतर काथ्याची, म्हणजे नारळाच्या काथ्याला रबर लावून बनवलेली गादी आली. मणिपालला १९६२ मध्ये सुरू झालेल्या कर्ल-ऑननं ती घरोघरी नेली. त्यापाठोपाठ फोम आणि स्प्रिंगच्या गाद्या आल्या. (२०२३ मध्ये 'स्लीपवेल'च्या शीला फोम कंपनीनं कर्ल-ऑन विकत घेतली. म्हणजे दुकानात समोरासमोर दिसणारे हे दोन ब्रँड आता एकाच मालकाचे आहेत.)

स्प्रिंगच्या गादीत मुख्य प्रकार दोन.

- बोनेल स्प्रिंग: सगळ्या स्प्रिंग तारेनं एकमेकींना जोडलेल्या असतात. एक दाबली की शेजारच्याही ओढल्या जातात. ही गादी तुलनेनं स्वस्त असते.
- पॉकेट स्प्रिंग: प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत शिवलेली किंवा चिकटवलेली असते. जिथे वजन पडतं तिथलीच स्प्रिंग दबते.

ही कल्पना नवी नाही. जेम्स मार्शल या कॅनडातल्या इंजिनिअरनं साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी ती मांडली. तेव्हा पिशव्या हातानं भराव्या लागत, त्यामुळे गादी महाग पडायची. आता हे काम यंत्रं करतात.

वाहन उद्योगात काम करणाऱ्यांना हा फरक लगेच कळेल. सरळ अ‍ॅक्सल असलेल्या गाडीचं एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्या बाजूलाही हिसका बसतो. इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं. बोनेल आणि पॉकेट स्प्रिंगमध्ये साधारण तोच फरक आहे.

शिफ्टच्या घरात याचा उपयोग काय?

पहिला उपयोग म्हणजे हादरे कमी जाणवतात. नवरा-बायको दोघंही नोकरी करत असतील आणि एकाची फर्स्ट, दुसऱ्याची सेकंड शिफ्ट असेल, तर एकजण पहाटे उठतो आणि दुसरा मध्यरात्री येऊन झोपतो. बोनेल गादीवर प्रत्येक उठ-बस शेजारच्याला कळते. पॉकेट स्प्रिंगवर ती बरीच कमी कळते. एकाच पलंगावर लहान मूल झोपत असेल तरी हाच फायदा.

दुसरा उपयोग म्हणजे हवा. स्प्रिंगच्या थरात मोकळी जागा असते, त्यामुळे ती भरीव फोमच्या गादीइतकी गरम होत नाही. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावर, दुपारी बारा वाजता झोपायचं असेल तर हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. मात्र वरचा थर जाड मेमरी फोमचा असेल तर हा फायदा बराचसा जातो, कारण मेमरी फोम अंगाची उष्णता धरून ठेवतो.

एकट्यानं, शांत खोलीत झोपणाऱ्याला पहिल्या फायद्याचा फारसा उपयोग नाही. त्याला त्याच पैशात चांगला फोम किंवा लॅटेक्सही चालू शकतो.

'दोन हजार स्प्रिंग' : हिशेब कसा करायचा?

स्प्रिंगची संख्या हा जाहिरातीतला लाडका आकडा आहे. तो घरीच तपासता येतो.

क्वीन साईजची गादी ७८ × ६० इंच, म्हणजे साधारण १९८ × १५२ सेंटिमीटर. एका स्प्रिंगचा व्यास ६ सेंटिमीटर धरला तर लांबीत ३३ आणि रुंदीत २५ बसतात. एकूण ८२५. व्यास ५ सेंटिमीटर धरला तर ३९ गुणिले ३०, म्हणजे ११७०. मधमाशीच्या पोळ्यासारखी मांडणी केली तर थोड्या जास्त बसतात. कडेला फोमची चौकट असेल तर कमी.

त्यामुळे याच मापाच्या गादीत २००० स्प्रिंग असल्याचं कुणी सांगितलं, तर विचारा: "व्यास किती? की छोट्या स्प्रिंगचा दुसरा थरही मोजलाय?" दोन थर असणं वाईट नाही, पण आकडा कशाचा आहे हे कळलं पाहिजे.

संख्येइतकीच तारेची जाडीही महत्त्वाची. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक आणि स्प्रिंग मऊ. वजनदार व्यक्तीला बारीक तारेच्या भरपूर स्प्रिंगपेक्षा जाड तारेच्या थोड्या कमी स्प्रिंग जास्त आधार देऊ शकतात.

आणखी एक गोष्ट. खड्डा पडतो तेव्हा स्प्रिंगच्या आधी बहुतेक वेळा वरचा फोम बसलेला असतो. म्हणून फोमची डेन्सिटी विचारा. ती किलो प्रति घनमीटरमध्ये सांगतात: ३२, ४० वगैरे. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. एका घनमीटर फोमचं वजन किती, एवढंच ती सांगते. पण एकाच प्रकारच्या फोममध्ये जास्त डेन्सिटीचा फोम साधारणपणे जास्त टिकतो.

पाठ दुखत असेल तर कडक गादीच हवी का?

आपल्याकडे हा समज पक्का आहे. कंबर धरली की "फळीवर झोप" असा सल्ला मिळतो.

स्पेनमधल्या डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं. कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी देण्यात आली. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचा त्रास जास्त कमी झाला होता. हा अभ्यास २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

याचा अर्थ एकच गादी सगळ्यांना चालते असा नाही. साधारण नियम असे:

- कुशीवर झोपणारे: खांदा आणि कंबरेचं हाड थोडं आत जायला हवं. मध्यम ते मऊ.
- पाठीवर झोपणारे: मध्यम कडक.
- पोटावर झोपणारे: पोट खाली गेलं की कंबर वाकते. थोडी कडक.
- जास्त वजनाचे: वरच्यापेक्षा एक पायरी कडक.

पाय बधिर होत असतील, कळ मांडीतून खाली जात असेल किंवा दुखणं आठवड्यानुआठवडे टिकलं असेल, तर गादीच्या दुकानाआधी डॉक्टरकडे जायला हवं. ईएसआयमध्ये नोंद असलेल्या कामगारांसाठी चिंचवडमध्ये मोहननगरला रुग्णालय आहे.

'लक्झरी' आणि 'ऑर्थोपेडिक' शब्दांना किती किंमत द्यायची?

'लक्झरी' हा दर्जा नाही, विक्रीचा शब्द आहे. बहुतेकदा त्यामागे जाड क्विल्टिंग, उंच गादी, वरचा उशीसारखा थर आणि गुळगुळीत कापड असतं. हे सगळं दुकानातल्या पाच मिनिटांत छान वाटतं. 'ऑर्थोपेडिक'चंही तसंच. शब्द छापला म्हणजे गादी उपचार करते असं नाही.

पैसे कुठे घालायचे हे ठरवताना क्रम असा ठेवा: आधी स्प्रिंगची तार आणि मांडणी, मग वरच्या फोमची किंवा लॅटेक्सची प्रत, मग कडेचा आधार, आणि शेवटी कापड.

घर आणि पलंग आधी मोजा

- पलंगाचं आतलं माप घ्या. ७२, ७५ आणि ७८ इंच अशा तीनही लांबीचे पलंग घरांत असतात.
- गादीखालचा पाया सपाट हवा. फळ्यांमध्ये मोठं अंतर असेल तर गादी तिथे खचते आणि अनेक कंपन्या वॉरंटीही नाकारतात.
- स्टोरेजचा पलंग आधीच उंच असतो. त्यावर १० इंची गादी टाकली तर आई-वडिलांचे पाय जमिनीला टेकतील का, ते बघा. साधारण माणसाला ६ ते ८ इंच पुरतात.
- अखंड येणारी किंग साईज गादी सोसायटीच्या लिफ्टमध्ये आणि जिन्याच्या वळणावर मावेल का, हे विचारून घ्या. गुंडाळून खोक्यात येणाऱ्या पॉकेट स्प्रिंग गाद्याही मिळतात.
- पावसाळ्यात पलंगाचा बॉक्स बंद राहिला तर गादीला खालून ओल धरते. कोरड्या दिवशी गादी उभी करून वारं लागू द्या. दर तीन महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवा. वरचा थर एकाच बाजूला असेल तर मात्र गादी उलटवू नका.

दुकानात काय करायचं?

या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, तेव्हा दुकानात शनिवार-रविवारपेक्षा निवांतपणा मिळतो. रात्रपाळी करून थेट दुकानात जाऊ नका. दमलेल्या अंगाला कोणतीही गादी चांगलीच वाटते.

१. ज्या अंगावर रोज झोपता त्याच अंगावर किमान दहा-पंधरा मिनिटं पडा.
२. दोघांची गादी असेल तर दोघांनीही झोपून बघा. एकानं कूस बदलावी, दुसऱ्यानं लक्ष द्यावं.
३. पाठीवर झोपून कंबरेखाली हात घाला. हात सहज आरपार गेला तर गादी तुमच्यासाठी कडक, आणि हात घालायलाच जागा नसेल तर मऊ.
४. कडेला बसा. घसरल्यासारखं वाटलं तर कडेचा आधार कमकुवत आहे.
५. वॉरंटीचा कागद वाचा. किती इंच खड्डा पडल्यावर ती लागू होते? डाग पडला तर रद्द होते का? काही वर्षांनंतर बदलून देताना पैसे आकारले जातात का?
६. ऑनलाइन घेताना १०० रात्रींची ट्रायल असेल, तर परत नेण्याचा खर्च कुणाचा आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे लेखी बघा.
७. 'नो-कॉस्ट ईएमआय' घेण्याआधी रोखीचा भाव विचारा. रोखीत सूट मिळत असेल, तर ती सोडणं हाच हप्त्याचा खर्च.
८. जीएसटीसह पक्कं बिल घ्या. त्यावर मॉडेलचं नाव, माप आणि जाडी असू द्या.

वस्तू सदोष निघाली आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. पक्कं बिल तिथेच कामी येतं.

गादी काय करू शकत नाही?

शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. ते पेशींच्या पातळीवर कसं चालतं, हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. दिवसा झोपताना माणूस या घड्याळाच्या विरुद्ध जात असतो, म्हणून ती झोप तुटक आणि कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, रात्रपाळीचं काम 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलं. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. ती मिळत नसेल तर त्याचं एक कारण गादी असू शकतं, पण बहुतेकदा ते एकमेव नसतं.

म्हणून गादीचं बजेट ठरवताना त्यातले दोन-तीन हजार वेगळे काढा आणि आधी हे करून बघा: खिडकीला पूर्ण अंधार करणारा जाड पडदा, कानात घालायचे बोळे, घरी येताना उन्हाचा चष्मा, आणि पाळीच्या शेवटच्या काही तासांत चहा बंद. झोपायच्या तासांत दाराची बेल बंद ठेवा आणि पार्सल वॉचमनकडे ठेवायला सांगा. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं किंवा बाईकवर डुलकी लागणं, यापैकी काही होत असेल तर तपासणी करून घ्या.

महिनाभर हे करूनही सकाळी अंग आखडत असेल, गादीत हात ठेवून जाणवेल एवढा खड्डा असेल, किंवा गावाकडच्या साध्या गादीवर जास्त छान झोप लागत असेल, तर मात्र गादी बदलायची वेळ झाली आहे. तेव्हा मोजलेलं माप, तारेचा गेज आणि फोमची डेन्सिटी हे तीन प्रश्न घेऊन दुकानात जा. उत्तरं सरळ मिळाली नाहीत, तर दुसरं दुकान बघा.